वाचकांचे प्रश्न : छोटी गाडी पोसायला वर्षाला किती लागतात?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही निवृत्त असून साताऱ्यात राहतो. आजवर स्कूटरवर भागले, पण साठी उलटल्यावर आता एक छोटी पेट्रोल गाडी घ्यावी असे वाटते. मुलगी पुण्याला असते. तिच्याकडे महिन्याला एक फेरी, शहरातली कामे आणि अधूनमधून गावी जाणे धरले तर वर्षाला आठ हजार किलोमीटर होतील. शोरूममध्ये सांगतात की पेट्रोल सोडले तर फारसा खर्च नाही आणि पहिली तीन सर्व्हिसिंग मोफत आहेत. शेजारी म्हणतात, किलोमीटरला पाच रुपये पुरतात. माझे मेहुणे म्हणतात, दहा धरा. पेन्शनमधून दरमहा किती रक्कम बाजूला काढावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपले शेजारी आणि मेहुणे दोघेही चुकीचे नाहीत, कारण ते दोन निरनिराळ्या खर्चांबद्दल बोलत आहेत. शेजाऱ्यांच्या पाच रुपयांत फक्त पेट्रोल आहे, तेही गाडी लिटरला वीस किलोमीटर धावेल असे मानून. मेहुण्यांच्या दहा रुपयांत विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, टोल हे सगळे येते. आपल्याला उपयोगी पडेल तो मेहुण्यांचा आकडा. पण तो आठ हजार किलोमीटरांना लागू पडतो, चार हजारांना नाही, आणि याचे कारण समजून घेतले तरच त्या आकड्यावर विसंबता येईल.

गाडीचा काही खर्च अंतरावर चालतो आणि काही कॅलेंडरवर. पेट्रोल, टायरची झीज, ब्रेक पॅड आणि क्लच प्लेट हे गाडी धावेल तसे खर्च होतात. विम्याचा हप्ता, वर्षाचे सर्व्हिसिंग, बॅटरीचे वय आणि पीयूसी हे मात्र गाडी दारात उभी असली तरी वेळ झाली की पुढ्यात येतात. म्हणून किलोमीटरचा एकच दर सगळ्यांना सांगणे फसवे ठरते, आणि आपण आधी वर्षाचा हिशेब करून मग त्याला किलोमीटरांनी भागावे. पुढील आकडे सुमारे एक लिटर क्षमतेच्या इंजिनाची, सहा लाखांच्या आसपासची पेट्रोल गाडी समोर ठेवून मांडले आहेत. किमती ढोबळ आहेत. आपल्याकडचे दर घालून त्या बदलून घ्याव्यात.

सर्वांत मोठा आकडा पेट्रोलचा, आणि अंदाज सर्वांत जास्त चुकतो तोही इथेच. या वर्गातील बहुतेक गाड्यांचे जाहीर ॲव्हरेज लिटरला २४ किलोमीटरांच्या आसपास सांगितले जाते. हा आकडा खोटा नसतो, पण तो पुण्यातील ए.आर.ए.आय.सारख्या चाचणी संस्थांत, ठरलेल्या वेगाच्या चक्रानुसार, गाडीची चाके रोलरवर फिरवून मोजलेला असतो. तिथे यवतेश्वरचा चढ नसतो, पोवई नाक्याची गर्दी नसते आणि एप्रिलच्या उन्हात सुरू ठेवलेला एसीही नसतो. शिवाय शहरातल्या दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्यांत इंजिन पुरते गरम होण्याआधीच बंद होते, आणि थंड इंजिन जास्त इंधन घेते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असल्याने थोडा फरक त्यानेही पडतो. आपल्या मिश्र वापरासाठी लिटरला १७ किलोमीटर धरणे मला योग्य वाटते. पेट्रोलचा दर १०४ रुपये धरला तर ८,००० किलोमीटरांसाठी सुमारे ४७० लिटर, म्हणजे वर्षाला ४९,००० रुपये होतात. हाच हिशेब जाहीर ॲव्हरेजने केला असता तर तो पस्तीस हजारांच्या आतच राहिला असता. म्हणजे एका आकड्यावर विश्वास ठेवल्याने वर्षाला चौदा हजारांचा खड्डा पडतो.

गाडी आल्यावर स्वतःचे ॲव्हरेज स्वतः मोजावे. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, आणि पुढच्या खेपेला शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरून, मधले किलोमीटर दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागावेत. एका खेपेवरून निष्कर्ष काढू नये, तीन-चार खेपांची सरासरी घ्यावी. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा दिशा दाखवायला ठीक असतो, पण तो बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो. मोजणी सुरू ठेवण्याचा आणखी एक लाभ असा, की सतरा देणारी गाडी दोन-तीन टाक्यांत चौदावर आली तर टायरमधली हवा, अडकणारा ब्रेक किंवा तुंबलेला एअर फिल्टर यांपैकी काहीतरी बिघडले आहे हे मिस्त्रीच्या आधी आपल्याला कळते.

आता विमा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा, एकदम घ्यावा लागतो. १ सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम आहे. त्याचे दर शासन ठरवते, कंपनी नाही. २०२२ साली जाहीर झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला तीन वर्षांचे ६,५२१ रुपये आणि पुढे वर्षाला २,०९४ रुपये पडतात, तर १००० ते १५०० सीसीच्या गाडीला हेच आकडे १०,६४० आणि ३,४१६ होतात. वर १८ टक्के जीएसटी. दोन गाड्यांमध्ये मन अडकले असेल तर ९९८ आणि ११९७ सीसीमधला हा फरक जरूर पाहावा, कारण तो दरवर्षीचा आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र कंपनीगणिक बदलतो आणि गाडीच्या घोषित मूल्यावर, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणाऱ्या रकमेवर, अवलंबून असतो. त्यात पहिली चार-पाच वर्षे तरी झीरो डेप, म्हणजे भागांचा घसारा वजा न करता भरपाई देणारे जादा संरक्षण, घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तो नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत आपल्याच खिशातून जाते. हे सर्व मिळून वर्षाला सरासरी ११,००० रुपये धरावेत.

शोरूममधूनच विमा घेतला पाहिजे असे बंधन नाही. तिथला आकडा लिहून घ्यावा आणि त्याच घोषित मूल्याचे, त्याच जादा संरक्षणांसह आणखी दोन कंपन्यांचे आकडे मागवावेत. घोषित मूल्य कमी करून हप्ता स्वस्त दाखवला जात नाही ना, एवढे पाहावे. पुढे दावा न केल्याबद्दलची सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के अशी वाढत जाते, आणि एक दावा केला की ती शून्यावर येते. त्यामुळे दाराला ओरखडा पडून तीन हजारांचे काम निघाले, तर दावा करण्यापूर्वी पुढल्या वर्षांत किती सवलत जाईल ते मोजावे. बहुधा काम खिशातून करणेच परवडते.

सर्व्हिसिंगबद्दल शोरूममध्ये जे सांगितले ते अर्धे खरे आहे. मोफत सर्व्हिसिंगमध्ये मजुरी मोफत असते. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि किरकोळ साहित्याचे पैसे द्यावेच लागतात. पुढे बहुतेक छोट्या गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा सर्व्हिसिंग सांगितलेले असते. काही कंपन्या पंधरा हजार किलोमीटर सांगतात. आपले वर्षाला आठ हजारच होणार असल्याने आपल्याला वर्षाचीच मर्यादा लागू होईल. साध्या सर्व्हिसिंगचे चार ते सहा हजार रुपये होतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे उताराला ब्रेक कमी लागण्याचा धोका वाढतो, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते; खंबाटकी घाटातून नेहमी जाणाऱ्याने त्यात चालढकल करू नये. चाळीस हजारांच्या आसपास स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर येतात, त्या वर्षी बिल वाढते. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग धरून सरासरी वर्षाला ६,००० रुपये ठेवावेत.

हा आकडा आटोक्यात ठेवण्याची जागा म्हणजे जॉब कार्ड. गाडी देताना त्यावर इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडीची सफाई, एसीचा जंतुनाशक फवारा, टेफ्लॉन कोटिंग अशा ओळी सहज चढतात आणि साडेचार हजारांचे बिल नऊ हजारांवर जाते. गाडीसोबत येणाऱ्या पुस्तिकेत कोणत्या किलोमीटरला काय तपासायचे आणि काय बदलायचे याचा तक्ता असतो. तो सोबत न्यावा, त्यात असलेले काम आधी करून घ्यावे, आणि त्याबाहेरच्या प्रत्येक कामाचे कारण विचारूनच सही करावी. बदललेले जुने सुटे भाग दाखवायला सांगावेत. कोणताही चांगला सल्लागार त्याला नाही म्हणत नाही. वॉरंटी आहे तोवर कंपनीच्या अधिकृत केंद्रातच जावे, ती संपल्यावर जवळचे भरवशाचे गॅरेज स्वस्तही पडते आणि मिस्त्रीशी थेट बोलताही येते. ऑइल मात्र तिथेही पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच घालायला सांगावे.

यानंतर येतो तो खर्च लोकांच्या हिशेबात बहुतेक वेळा नसतोच, कारण तो दर महिन्याला दिसत नाही. चार टायरांचे सुमारे १८,००० रुपये होतात. ते चाळीस-पंचेचाळीस हजार किलोमीटर टिकतात, म्हणजे आपल्या वापराला पाच वर्षे. तेव्हा वर्षाचे ३,६०० रुपये. बॅटरी साडेचार हजारांची आणि तीन ते पाच वर्षांची, म्हणजे वर्षाला अकराशे. ब्रेकचे पॅड आणि लायनर, वायपर, बल्ब यांचे दीड हजार. क्लच प्लेटचे काम छोट्या गाडीत दहा हजारांच्या आत होते आणि ती नीट वापरली तर आपल्या गाडीला नऊ-दहा वर्षे चालेल, तिचे हजार. ही बेरीज सात हजारांच्या पुढे जाते. पुढे सस्पेन्शनची बुशे वगैरे निघतील, म्हणून ८,००० धरावेत. टायरच्या बाबतीत झिजेइतकेच वयही पाहावे लागते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात; २३२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला, आणि नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांनंतर रबर कडक होऊन पावसात पकड कमी होते.

पुण्याच्या फेऱ्यांसाठी टोलचा विचार वेगळा करावा लागेल. साताऱ्याहून जाताना आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे दोन नाके लागतात, म्हणजे जाऊन-येऊन चार वेळा आणि वर्षाला ४८ वेळा. खासगी गाड्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगवर वार्षिक पास मिळू लागला. तो सुरू झाला तेव्हा त्याची किंमत ३,००० रुपये होती आणि त्यात एक वर्ष किंवा २०० वेळा नाका ओलांडणे, यांपैकी जे आधी होईल ते मिळते. ४८ वेळांना भागले तर एका वेळचे साडेबासष्ट रुपये होतात. दोन्ही नाक्यांची सरासरी त्याहून जास्त असेल तर पास घ्यावा. हा पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे. टोलचे तीन हजार आणि पार्किंग, धुणे, पीयूसी यांचे तीन हजार मिळून ६,००० झाले.

सगळी बेरीज अशी : पेट्रोल ४९,०००, विमा ११,०००, सर्व्हिसिंग ६,०००, झीज ८,००० आणि टोल वगैरे ६,०००, म्हणजे वर्षाला ८०,००० रुपये. आठ हजारांनी भागले की किलोमीटरला दहा रुपये.

आता हीच गाडी वर्षाला चार हजार किलोमीटरच चालली तर काय होईल ते पाहा. पेट्रोल निम्मे, म्हणजे २४,५०० होईल. विमा मात्र तेवढाच, सर्व्हिसिंग जवळजवळ तेवढेच, बॅटरी तेवढीच आणि टायर झिजले नाहीत तरी वयाने बाद होणार. खर्च सुमारे ५२,००० होईल, म्हणजे किलोमीटरला तेरा रुपये. उलट कोणी सोळा हजार चालवली तर दर नऊच्या आसपास येईल. गाडी कमी वापरली म्हणजे त्या प्रमाणात पैसे वाचले, हा समज म्हणूनच टिकत नाही. त्याचीच दुसरी बाजू अशी, की गाडी एकदा दारात आली की पुण्याच्या एका जादा फेरीचा खर्च दहाच्या दराने नव्हे, तर पेट्रोल आणि झीज मिळून सातच्या दराने धरावा. तेव्हा २२० किलोमीटरांचे साधारण साडेपंधराशे आणि टोल.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे, की पेट्रोलसाठी महिन्याला सुमारे ४,१०० रुपये लागतील आणि बाकीच्या खर्चासाठी २,६०० रुपये दरमहा वेगळ्या बचत खात्यात टाकावेत. पहिल्या वर्षी हे पैसे जवळजवळ पडूनच राहतील, कारण विमा गाडीच्या ऑन-रोड किमतीत भरलेला असेल आणि सर्व्हिसिंगची मजुरीही लागणार नाही. त्या वर्षी गाडी स्वस्त वाटते आणि तिथेच गफलत होते. चौथ्या-पाचव्या वर्षी थर्ड पार्टीचे नूतनीकरण, बॅटरी आणि चार टायर थोड्याथोड्या अंतराने येतात. खात्यात पैसे साठलेले असतील तर तेव्हा टायर आणखी एक पावसाळा ढकलण्याचा मोह होणार नाही, आणि मला या व्यवस्थेत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच.

एक गोष्ट या बेरजेत मुद्दाम धरलेली नाही, ती म्हणजे गाडीची उतरणारी किंमत. सहा लाखांची गाडी आठ वर्षांनी दोन लाखांना गेली असे मानले तर वर्षाला ५०,००० रुपये, म्हणजे किलोमीटरला आणखी सव्वासहा रुपये तिच्यात जिरतात. शिवाय सहा लाखांच्या मुदत ठेवीवर मिळाले असते ते व्याज वेगळेच. महिन्याचे नियोजन करताना हा आकडा बाजूला ठेवावा, पण गाडी घ्यावी की नाही हे ठरवताना तो समोर ठेवावा. साताऱ्याहून पुण्याला एसटीच्या गाड्या भरपूर आहेत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, ६५ वर्षांपुढील ज्येष्ठांनाही सवलत आहे. केवळ त्या फेरीसाठी गाडी घेणे परवडणारे नाही. रात्रीबेरात्री दवाखान्यात जाणे, पावसात बाजारहाट, गावी सामान घेऊन जाणे यांसाठी ती हवी असेल, तर त्या सोयीची किंमत वर्षाला साधारण एक लाख तीस हजार आहे हे ठाऊक असू द्यावे आणि मग निर्धास्तपणे घ्यावी.

प्रश्न : कल्याणहून कामावर जाऊन येऊन रोज ४४ किलोमीटर होतात, वर्षाला एकूण १३,०००. पेट्रोलऐवजी सीएनजी गाडी घेतली तर ९०,००० रुपये जास्त पडतात. ते कधी वसूल होतील?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : पेट्रोलवर लिटरला १७ किलोमीटर आणि दर १०४ धरला तर किलोमीटरला सहा रुपयांपेक्षा थोडे जास्त पडतात. सीएनजीवर किलोला २५ किलोमीटर आणि दर ८० धरला तर सव्वातीनच्या आत. किलोमीटरमागे सुमारे २ रुपये ९० पैसे वाचतात, म्हणजे आपले नव्वद हजार ३१,००० किलोमीटरांत, अडीच वर्षांच्या आत भरून येतील. आपण सीएनजीच घ्यावी. ज्यांचे वर्षाला पाच-सहा हजार होतात त्यांना मात्र पाच वर्षांहून अधिक लागतील आणि त्यांनी सिलिंडरपायी डिकी गमावण्यात अर्थ नाही.

देखभालीत दोन खर्च वाढतील. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी, दर तीन वर्षांनी करणे बंधनकारक आहे, तिचे दोन-तीन हजार रुपये धरावेत आणि तारीख चुकवू नये, कारण इथे प्रश्न पैशांचा नसून गाडीत बसलेल्या माणसांचा आहे. गॅसवर स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर यांच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. प्लग थोडा जरी थकला तरी गाडी धक्के देऊ लागते. किट कंपनीने बसवलेलेच घ्यावे. बाहेरून बसवले आणि त्याची नोंद आरसीवर व विम्यात केली नाही, तर अपघातानंतरचा दावा अडकतो. टाकीत थोडे पेट्रोल नेहमी ठेवावे आणि अधूनमधून गाडी पेट्रोलवर चालवावी. पंपावरच्या रांगेत जाणारा वेळ मी रुपयांत धरलेला नाही. आपला रस्ता आणि आपली वेळ पाहून तो आपणच धरावा.

प्रश्न : सात वर्षांची, ६२,००० किलोमीटर चाललेली छोटी गाडी अडीच लाखांना मिळते आहे. नव्या गाडीपेक्षा तिची देखभाल किती महाग पडेल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नियमित सर्व्हिसिंगचा खर्च जवळजवळ तेवढाच राहील, पण पहिल्या वर्षी ३० ते ४० हजार रुपये हाताशी हवेत. याचे कारण असे, की ६० ते ८० हजार किलोमीटरांच्या टप्प्यात टायरचा दुसरा संच, बॅटरी, क्लच प्लेट, सस्पेन्शनची बुशे आणि शॉक ॲब्सॉर्बर हे एकामागोमाग संपत येतात, आणि पुष्कळ गाड्या नेमक्या याच टप्प्यावर विकायला निघतात. म्हणून किमतीची बोलणी करताना टायरवरची तारीख, बॅटरीवरची तारीख आणि क्लच कुठे सुटतो हे पाहून, जे आपल्याला लगेच बदलावे लागेल त्याची रक्कम सरळ किमतीतून वजा मागावी. गाडीच्या क्रमांकावरून अधिकृत केंद्रात तिचा सर्व्हिसिंगचा इतिहास मिळतो का ते विचारावे. त्यातले किलोमीटर वर्षागणिक जुळत गेले तर ६२,००० हा आकडा खरा मानता येतो. इंजिनात टायमिंग चेन आहे की बेल्ट, हेही विचारावे. बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याचा कागद नसेल, तर ते काम पहिल्याच आठवड्यात करून घ्यावे, कारण तो तुटला की बहुतेक इंजिनांचे मोठे नुकसान होते.

कागदपत्रांतही खर्च दडलेला असतो. थकलेली ई-चलने विकणाऱ्याकडून भरून घ्यावीत आणि कर्जाचा बोजा आरसीवरून उतरला आहे ना ते पाहावे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंद झालेली गाडी असेल तर तिला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवलेली आहे का तेही तपासावे. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावे करण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्यावा लागतो. आधीच्या मालकाची दावा न केल्याची सवलत ही त्या व्यक्तीची असते, गाडीची नव्हे. ती आपल्याला मिळणार नाही, तेव्हा त्यांनी भरलेला कमी हप्ता पाहून अंदाज बांधू नये.

प्रश्न : आम्ही मुंबईत राहतो. रत्नागिरीजवळच्या घरी एक छोटी गाडी ठेवली आहे, ती वर्षात जेमतेम १,५०० किलोमीटर चालते. तिचे दरवर्षी सर्व्हिसिंग करायलाच हवे का, आणि विमा कमी करता येईल का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : सर्व्हिसिंग दरवर्षी करावे. इंजिन ऑइल न चालताही खराब होते, त्यात ओलावा साचतो, आणि कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत ब्रेक आणि खालचे पत्रे यांना गंज लवकर धरतो. गाडी महिनोन्महिने ठेवताना हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण दमट हवेत लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये उभी करून चाकाला अडण लावावी. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून ठेवावी. बॉनेटखाली उंदीर घर करतात आणि वायरिंग कुरतडतात, त्याची दुरुस्ती हजारोंत जाते. म्हणून आसपास धान्याची पोती किंवा नारळाची सोडणे ठेवू नयेत आणि शेजारच्या कोणाला आठवड्याला बॉनेट उघडून पाहायला सांगावे.

विम्यातला थर्ड पार्टीचा भाग कमी होत नाही. स्वतःच्या नुकसानीच्या भागावर, ठरावीक किलोमीटरांच्या मर्यादेत वापराला सूट देणारी योजना घेण्यास विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये मुभा दिली आहे. नूतनीकरणाच्या वेळी कंपनीकडे तिची चौकशी करावी. तो भाग पूर्ण काढून टाकू नये, कारण पुराचे पाणी आणि पडणारी झाडे उभ्या गाडीलाही सोडत नाहीत. विमा ९,०००, सर्व्हिसिंग ५,०००, वयाने जाणारे टायर आणि बॅटरी मिळून ४,५०० आणि किरकोळ २,५०० धरले तर पेट्रोल न घालताच वर्षाला २१,००० रुपये होतात, म्हणजे आपल्या १,५०० किलोमीटरांवर किलोमीटरला चौदा. पेट्रोल धरून वीस. गावी गेल्यावर तितक्याच किलोमीटरांसाठी चालकासह गाडी सांगितली तर काय पडेल ते तिथल्या दोघा-तिघांकडे विचारावे, आणि विम्याची मुदत संपण्याच्या महिनाभर आधी गाडी ठेवायची की विकायची ते ठरवावे.